शहरभराची विज्ञानजत्रा: पहिल्या बैठकीपासून खोकी बांधेपर्यंत

विज्ञानजत्रेच्या पहिल्या बैठकीत साधारण दहाव्या मिनिटाला कुणीतरी विचारतं, "उद्घाटनाला कोणाला बोलवायचं?" मग अर्धा तास पाहुण्यांची नावं निघतात, मंच केवढा हवा यावर चर्चा रंगते, आणि जत्रेला येणार कोण हा विषय निघायच्या आत बैठक संपते. येतील की लोक आपोआप, असं सगळ्यांनी मनात धरलेलं असतं. आपोआप येतात ते ठरलेलेच: विज्ञानाची आधीपासून गोडी असलेली मुलं, त्यांचे हौशी पालक, आणि शाळेने बसमधून आणून सोडलेले वर्ग. बाकीचं शहर त्या दिवशी आपापल्या कामाला गेलेलं असतं. जत्रा छान होते, फोटोही छान येतात, पण ती शहराची होत नाही.

या बाकीच्या शहरासाठी जत्रा कशी भरवायची, ते इथे सांगतो. टेबलं उचलण्यापासून वेळापत्रक लावण्यापर्यंत बरीच कामं मी अशा जत्रांत केली आहेत, आणि खाली ज्या चुका येतील त्यातल्या निम्म्या माझ्या स्वतःच्या आहेत.

कल्पना फार जुनी नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या व्याख्यानांची प्रथा १८२५ साली सुरू झाली, पण तिथे श्रोत्यांनी खुर्चीत बसून बघायचं होतं. अख्ख्या शहराला सामावून घेणारा विज्ञानोत्सव एडिनबरामध्ये १९८९ साली सुरू झाला. १९९८ मध्ये लीड्स शहरात 'कॅफे सायंटिफिक' सुरू झालं आणि शास्त्रज्ञ थेट कॅफेत येऊन लोकांशी गप्पा मारायला लागले. २००५ पासून युरोपात 'संशोधकांची रात्र' होते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहरात २००७ साली असा उत्सव सुरू झाला. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, पण संशोधकाने लोकांच्या गर्दीत उतरायचं हे सगळीकडे सारखं.

पहिली पायरी: कोणासाठी, ते एका वाक्यात लिहा

'सर्वांसाठी' असं लिहू नका. सर्वांसाठी लिहिलं की डोळ्यासमोर कुणीच येत नाही. त्याऐवजी असं काहीतरी लिहा: "ज्या घरातलं कुणी गेल्या पाच वर्षांत एकाही विज्ञान कार्यक्रमाला गेलेलं नाही, अशी निदान दोनशे घरं आम्हाला हवीत." हे वाक्य बैठकीच्या खोलीत भिंतीवर लावा. पुढे जागा, तारीख, प्रवेश, भाषा यांपैकी कशावरही वाद झाला की त्याच्याकडे बोट दाखवता येतं.

पहिली बैठक जत्रेच्या दहा-बारा महिने आधी व्हायला हवी. गाभ्याची मंडळी सात-आठपेक्षा जास्त नकोत, आणि त्यात निदान दोघं विज्ञानाशी काही संबंध नसलेले असावेत. एखादी ग्रंथपाल, वस्तीपातळीवर काम करणारी एखादी ताई, एखादा नाटकवाला. नाटकवाले तर फार उपयोगी पडतात. प्रवेश, प्रकाश, गर्दी आणि वेळ या चार गोष्टी त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतात.

दुसरी पायरी: तारीख चंद्र बघून ठरवा

परीक्षा, मोठ्या सुट्ट्या, सणवार, पाऊस हे सगळे बघतातच. राहून जातो तो चंद्र. संध्याकाळी दुर्बिणी लावायच्या असतील, आणि लावायलाच हव्यात, तर तारीख शुक्ल पक्षातल्या सप्तमी-अष्टमीच्या आसपास घ्या. आम्ही एकदा हौसेने पौर्णिमा धरली होती. पौर्णिमेला सूर्यप्रकाश चंद्रावर आपल्या बाजूने सरळ पडतो, त्यामुळे विवरांच्या सावल्याच दिसत नाहीत. भिंगातून नुसती डोळे दिपवणारी पांढरी थाळी दिसते, आणि तिच्या उजेडात बाकीचं आकाश धुऊन निघतं. अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा उठून दिसतात. शिवाय हा चंद्र सूर्यास्तालाच डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो, म्हणजे लहान मुलं जागी असेपर्यंत तो हाताशी. शनी किंवा गुरू त्या दिवसांत संध्याकाळी आकाशात आहे का, हे 'स्टेलॅरियम' या मोफत संगणक-प्रणालीवर आधीच बघून ठेवता येतं.

दुर्बिणीच्या रांगेचं गणितही आताच करा. एका माणसाला निदान मिनिटभर लागतं. पृथ्वी फिरत असल्यामुळे आकाश तासाला १५ अंश सरकतं, म्हणून भिंगातून दिसणारा आकाशाचा तुकडा अर्ध्या अंशाचा असेल तर ग्रह जास्तीत जास्त दोन मिनिटांत बाहेर जातो आणि दुर्बीण पुन्हा लावावी लागते. एका दुर्बिणीवर तासाला चाळीस माणसं झाली तर चांगलं काम झालं म्हणायचं. चारशे लोकांच्या रांगेला एकच दुर्बीण ठेवली, तर लोकांना आकाश नाही, पुढच्या माणसाची पाठ दिसते.

तिसरी पायरी: जागा

विज्ञान संस्थेचं सभागृह सोयीचं असतं. वीज असते, खुर्च्या असतात, स्वच्छतागृहं असतात. पण त्या इमारतीच्या फाटकातून आत शिरायला पुष्कळ लोकांना अवघडल्यासारखं होतं. "आपलं काय काम तिथं?" हे वाक्य मी स्वतः ऐकलं आहे, आणि बोलणारा माणूस त्या फाटकासमोर रोज उभा राहणारा होता.

म्हणून जत्रेचे दोन भाग करा. शनिवार-रविवारी एक मोठा मेळावा, आणि त्याआधीच्या आठवड्यात सहा-सात छोटे कार्यक्रम, लोक जिथे तसेही असतात तिथे: बाजार, बसस्थानक, वाचनालय, उद्यान, रुग्णालयाचं प्रतीक्षालय, दोन वस्त्यांमधलं मैदान. छोट्या कार्यक्रमाला मंडप लागत नाही. तीन टेबलं, सहा माणसं, दोन तास. भाजी घ्यायला आलेला माणूस पाच मिनिटं सूक्ष्मदर्शकात डोकावून गेला तरी काम झालं. ही माणसं शनिवारी मोठ्या मेळाव्यात येतील का? काही येतात. नाही आली तरी त्यांची जत्रा होऊन गेलेली असते.

वस्तीतला कार्यक्रम वस्तीला विचारल्याशिवाय ठरवू नका. तिथल्या मंडळांशी, बचतगटांशी आधी दोनदा बोला. पहिल्या भेटीत आपण काय करणार ते सांगायचं नाही. तुमच्याकडे कशाचे प्रश्न पडतात, ते विचारायचं. एका ठिकाणी बायकांनी नळाच्या पाण्याचा विषय काढला, म्हणून तिथे पाणी तपासायचं टेबल लागलं: कठीणपणा, क्लोरीन, गढूळपणा. आम्ही जातानाच ठरवलेला रोबोट खोक्यातच राहिला.

चौथी पायरी: टेबल

जत्रा म्हणजे शेवटी टेबलं. व्याख्यानं, नाटुकली, फिरतं तारांगण हे सगळं असावं, पण लोकांच्या लक्षात राहतं ते त्यांच्या हाताने झालेलं. म्हणून माझा नियम साधा आहे: येणाऱ्याचे हात पहिल्या तीस सेकंदांत कामाला लागले नाहीत, तर ते टेबल तालमीतच बाद. बटण दाबायला लावणं याला हात लावणं म्हणत नाहीत.

एक टेबल जवळून बघू. वर फक्त गाळणकागदाच्या पट्ट्या, पेन्सिल, काळ्या शाईचे तीन वेगवेगळे स्केचपेन आणि तळाशी बोटभर पाणी असलेले पेले. एक आजी नातीला घेऊन येतात. टेबलामागची मुलगी काहीच समजावून सांगत नाही. ती पट्टी आजींच्या हातात देते.

"आजी, या काळ्या शाईत किती रंग असतील?"

"काळा म्हणजे काळाच की गं."

"बघूया. पट्टीच्या टोकापासून दोन बोटं वर एक ठिपका काढा."

आजी ठिपका काढतात, पट्टी पेल्यात धरतात. पाणी कागदातून वर चढतं, ठिपक्याला पोचतं, आणि काळ्यातून आधी निळा सुटून पुढे पळतो, त्याच्या मागून गुलाबी, अगदी खाली पिवळट कड. नात ओरडते. आजी ओरडत नाहीत, पट्टी डोळ्यांजवळ नेतात. आता मुलीने काय करायचं, यावर टेबलाची परीक्षा असते. "याला क्रोमॅटोग्राफी म्हणतात" हे वाक्य जिभेवर आलेलं असतं. ते गिळायचं आणि विचारायचं, "दुसऱ्या पेनचा काळासुद्धा असाच फुटेल?" आजी दुसरं पेन उचलतात. तिसरं पेन मुद्दाम पक्क्या शाईचं ठेवलेलं असतं, त्याचा ठिपका जागचा हलत नाही. "हा का हलेना?" हे मग आजीच विचारतात. पक्की शाई पाण्यात विरघळत नाही. जे रंग पाण्यात जास्त रमतात ते पाण्याबरोबर पुढे जातात, जे कागदाला चिकटून राहतात ते मागे. आता हे सांगितलं तर त्यांनी मागितलेलं उत्तर सांगितलं असं होतं. मोठं नाव शेवटी कधीतरी आलं तर आलं.

या टेबलाच्याही खोडी आहेत, त्या तालमीत सापडतात. ठिपका पाण्याच्या पातळीखाली गेला तर शाई सगळी पेल्यात उतरते. आधारासाठी रेघ मारायची तर पेन्सिलनेच मारा, पेनने मारली तर तीही पळते. ओल्या पट्ट्या सुकवायला दोरी आणि चिमटे लागतात, नाहीतर मुलं त्या खिशात घालतात आणि घरी कपड्यांवरून बोलणी खातात.

प्रत्येक टेबलासाठी असाच एक कागद तयार करा: सामान, पहिला प्रश्न, होणाऱ्या चुका, दुसरा प्रश्न. सगळ्या वयांचं कसं जमवायचं, हे त्या दुसऱ्या प्रश्नात असतं. एकाच पट्टीवर चार वर्षांची मुलगी रंगांची नावं सांगते, बारा वर्षांचा मुलगा कुठला रंग किती पुढे गेला ते मोजपट्टीने मोजतो, आणि औषध कंपनीत काम करणारे एखादे काका त्यांच्या प्रयोगशाळेत हेच यंत्राने कसं होतं ते सांगायला लागतात. वयोगटांचे वेगवेगळे विभाग पाडू नका. पाडले की मोठी माणसं मुलांना आत सोडतात आणि बाहेर मोबाईल बघत उभी राहतात. अपवाद एकच, पाच वर्षांखालच्या मुलांसाठी बसकं टेबल आणि चटई असलेला एक शांत कोपरा.

आता संख्या. एका टेबलावर एका वेळी चार माणसं, एका खेळाला पाच मिनिटं धरली तर तासाला ४८. सहा तासांत २८८. पण माणसं रेंगाळतात, पेले सांडतात, म्हणून २०० धरा. प्रत्येकाने निदान पाच टेबलं करावीत अशी इच्छा असेल, तर हजार माणसांना २५ टेबलं लागतात. टेबलावर दोन माणसं, तीन-तीन तासांच्या दोन पाळ्या, म्हणजे १०० स्वयंसेवक. पहिल्या वर्षी एवढ्यावर थांबा. पाच हजारांची जाहिरात करून पंचवीस टेबलं लावली की लोक फक्त रांगा बघून घरी जातात आणि पुढच्या वर्षी येत नाहीत.

पाचवी पायरी: टेबलामागची माणसं

संशोधक, विद्यार्थी, निवृत्त अभियंते, हौशी पक्षिनिरीक्षक, गवंडी, सुतार, परिचारिका, सगळे चालतात. गवंडी का नाही? ओळंबा आणि पाण्याच्या नळीने पातळी काढणं हे गुरुत्वाकर्षणाचं उत्तम टेबल आहे, आणि तो माणूस ते रोज वापरतो. एका जत्रेत सगळ्यात लांब रांग तिथेच होती.

प्रशिक्षण एकदाच, दोन तासांचं, पण सक्तीचं. त्यात विज्ञान शिकवायचं नाही, तोंड बंद ठेवायला शिकवायचं. स्वयंसेवकांच्या जोड्या लावा, एकाने टेबल चालवायचं, दुसऱ्याने घड्याळ धरायचं. पहिल्या मिनिटात कोण किती बोललं, ते मोजा. जास्त शिकलेल्या माणसांना हे सगळ्यात जड जातं. विद्यापीठातले एक भले गृहस्थ मला म्हणाले, "अहो, पण मी सांगितलं नाही तर त्यांना चुकीचंच कळेल." मी म्हटलं, सर, तुम्ही सांगता तेव्हा त्यांना काय कळतं ते एकदा त्यांनाच विचारून बघा. त्यांनी खरंच विचारलं, आणि दुपारनंतर त्यांचं टेबल बघण्यासारखं झालं.

उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही" म्हणायची परवानगी द्या, नव्हे, तालमीत ते मोठ्याने म्हणायला लावा. टेबलावर एक वही ठेवा आणि अनुत्तरित प्रश्न त्यात लिहून घ्या. जत्रेतून उरणारी सगळ्यात मोलाची वस्तू बहुधा ती वहीच असते.

सहावी पायरी: इजा होऊ नये म्हणून

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वाचा. प्रत्येक टेबलाचा धोका-कागद महिनाभर आधी मागवा: काय सांडू शकतं, काय भाजू शकतं, काय गिळलं जाऊ शकतं. नाहीच आला तर टेबल नाही.

काही गोष्टींना माझ्याकडून सरसकट नकार असतो. मिथेनॉल पेटवून रंगीत ज्वाला दाखवायचा प्रयोग त्यातला पहिला. पेटत्या भांड्यात बाटलीतून आणखी मिथेनॉल ओतताना भडका उडून मुलं गंभीर भाजल्याच्या घटना घडल्या आहेत. बटणाएवढ्या बॅटऱ्या आणि सुटे छोटे ताकदवान चुंबक लहान मुलांच्या हाताला लागतील असे ठेवू नका. घशात अडकलेली बॅटरी दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, आणि गिळलेले दोन चुंबक आतड्याच्या दोन वेटोळ्यांना मध्ये धरून एकमेकांना चिकटतात.

द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो आणि वायू होताना जवळजवळ सातशे पट फुगतो. म्हणून तो उघड्यावर, सराव असलेल्या माणसाच्याच हातात, आणि घट्ट झाकणाच्या भांड्यात कधीही नाही. कोरड्या बर्फाचंही (म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचंही) तेच, तो उणे ७८ अंशांचा असला तरी बंद बाटलीत तिचा स्फोट करतो. सूर्य दाखवायचा असेल तर फिल्टर दुर्बिणीच्या आकाशाकडच्या तोंडाला लावलेला हवा. डोळ्याकडच्या भिंगात बसवायचे छोटे फिल्टर तापून तडकू शकतात. दुर्बिणीवरची नेम धरायची छोटी शोधक नळी झाकायला विसरू नका, मुलं तिलाही डोळा लावतात. दिवसा दुर्बिणीपाशी एक माणूस सतत हवा, क्षणभरही ती एकटी सोडायची नाही.

विजेसाठी प्रत्येक टेबलाला किती वॅट लागणार, ते आधी लिहून घ्या. आम्ही ते केलं नव्हतं. एकाने दोन हजार वॅटची किटली आणली, दुसऱ्याने हेअर ड्रायर, दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर. दुपारी बरोबर गर्दीच्या वेळी अर्धा मंडप बंद पडला, आणि ट्रिप झालेला एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा खटका) ज्या खोलीत होता तिची चावी पहारेकऱ्याबरोबर जेवायला गेली होती. तेव्हापासून चावीचा मालक आणि त्याचा नंबर माझ्या यादीत सगळ्यात वर असतो.

हरवलेल्या मुलासाठी एकच ठरलेली जागा, तिथे कायम दोन मोठी माणसं. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय नाहीत. प्रथमोपचाराचं टेबल नकाशावर ठळक दिसायला हवं. फुग्यांची टेबलं प्रवेशद्वारापासून लांब ठेवा, काहींना लॅटेक्सची ॲलर्जी असते.

सातवी पायरी: सगळ्यांना आत येता येईल असं

चाकाच्या खुर्चीला वाट निदान ९० सेंटिमीटर रुंद लागते आणि वळायला दीड मीटरचं वर्तुळ. काही टेबलांखाली गुडघे जातील एवढी मोकळी जागा हवी. लाल-हिरव्यातला फरक न ओळखता येणारी माणसं, विशेषतः पुरुष, आपल्याला वाटतात त्यापेक्षा पुष्कळ असतात, तेव्हा नुसत्या रंगावर उत्तर अवलंबून असेल असं टेबल करू नका. दोन दिवसांतला पहिला एक तास कमी आवाजाचा, कमी गर्दीचा ठेवा. स्वमग्न मुलांचे पालक त्या तासाची वाट बघतात, आणि वयस्क माणसंही त्याच वेळी येतात. शहरात बोलल्या जाणाऱ्या भाषांमध्ये स्वयंसेवक हवेत. भाषांतर केलेले फलक त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. प्रवेश मोफत, नोंदणीशिवाय. नोंदणीचा फॉर्म भरायला लावणं म्हणजे आपल्याला जी दोनशे घरं हवी होती त्यांनाच दारातून परत पाठवणं.

आठवी पायरी: शहरालाच प्रयोग करा

'शहरभर' हा शब्द खरा करणारी एक तरी गोष्ट जत्रेत असावी. माझी आवडती म्हणजे सूर्यमालेची पायवाट. सूर्य एक मीटर व्यासाचा गोळा घेतला तर बुध ४२ मीटरवर, शुक्र ७८ मीटरवर, आणि पृथ्वी १०७ मीटरवर येते, ९ मिलिमीटरची, वाटाण्याएवढी. मंगळ १६४ मीटरवर. गुरू ५६० मीटरवर, दहा सेंटिमीटरचा. शनी एक किलोमीटर, युरेनस दोन किलोमीटर, आणि नेपच्यून ३.२ किलोमीटर. म्हणजे चालत पाऊण तासाच्या आत शहराचा एक तुकडा ओलांडून होतो. या मापात प्रकाश सेकंदाला फक्त साडेएकवीस सेंटिमीटर सरकतो, म्हणजे रमतगमत चालणारा माणूस प्रकाशाच्या सहापट वेगाने जातो. हे मुलांना सांगितलं की ती मुद्दाम मुंगीच्या पावलांनी चालून बघतात. आणि सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा कुठे? सुमारे २९ हजार किलोमीटरवर, म्हणजे पृथ्वीच्या परिघाच्या दोन-तृतीयांशाहून लांब. स्वीडनने हाच खेळ देशभर मांडला आहे, स्टॉकहोममधल्या ११० मीटर व्यासाच्या गोल क्रीडागृहाला सूर्य मानून, दोन कोटीला एक या प्रमाणात.

हे आखताना सगळे सूर्य मध्यवर्ती सभागृहापाशी ठेवतात आणि नेपच्यून लांबच्या वस्तीत जातो. उलटं करा. सूर्य त्या वस्तीत ठेवा. ज्याला पायवाट सुरुवातीपासून चालायची आहे त्याला तिकडे जावं लागेल, आणि गोळा फुगवणारे, रंगवणारे, राखणारे हात तिथलेच असतील.

दुसरा प्रकार म्हणजे सगळ्यांनी मिळून माहिती गोळा करायची. 'सिटी नेचर चॅलेंज' हा उपक्रम २०१६ साली लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांच्या चुरशीतून सुरू झाला: ठरलेल्या दिवसांत दिसतील तेवढ्या सजीवांचे फोटो 'आयनॅचरलिस्ट' या संकेतस्थळावर टाकायचे. तसंच एका रात्री शहराच्या वेगवेगळ्या भागांतून मृग नक्षत्रातले किती तारे नुसत्या डोळ्यांनी दिसतात, ते मोजून प्रकाशप्रदूषणाचा नकाशा करता येतो. उत्तर आधीपासून कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे आठवीतली मुलगी आणि प्राध्यापक एकाच रेषेवर उभे असतात. एक पथ्य पाळा: निष्कर्ष जत्रेतच लावा, निदान कच्चा नकाशा तरी. सहा महिन्यांनी अहवाल पाठवू म्हणालात तर लोक पुन्हा मोजायला येत नाहीत.

पैसा, परवानग्या, प्रसिद्धी

खर्चाचे मोठे डोंगर तेच असतात: मंडप आणि टेबलं, वीज, स्वच्छतागृहं, विमा, वाहतूक, छपाई, स्वयंसेवकांचं जेवण. वर दहा-पंधरा टक्के अडीअडचणीला. रोख मागण्यापेक्षा वस्तू मागा, टेबलं आणि जागा उसनी मिळते. प्रायोजकाला फलकावर नाव मिळेल, पण टेबलावर काय असावं यात बोलायचा हक्क मिळणार नाही, हे पहिल्या पत्रातच लिहा. 'शास्त्रीय' बांगड्या आणि ऊर्जा देणारं पाणी विकणारे हमखास येतात. त्यांच्याशी तोंडी वाद घालण्यापेक्षा आधीच लेखी नियम असलेला बरा: प्रत्येक दाव्याचा पुरावा द्या, त्या विषयातली दोन माणसं तो तपासतील.

महापालिका, पोलीस, अग्निशमन, मैदानाचा मालक, ध्वनिवर्धक, यांच्या परवानग्या चार महिने आधी मागायला घ्या आणि प्रत्येक अर्जाची पोच जपून ठेवा.

प्रसिद्धीत 'विज्ञान' हा शब्द लहान आणि 'जत्रा' मोठा. त्याहून चांगलं म्हणजे थेट प्रश्न छापा: "तुमच्या काळ्या पेनात किती रंग आहेत?" आणि सगळ्यात भारी, मुलांच्या हातात घरी न्यायला एक पट्टी द्या. शाळेत वाटलेलं पत्रक दप्तरात राहतं, ओली रंगीत पट्टी मात्र स्वयंपाकघरापर्यंत पोचते.

जत्रेचा दिवस

गाभ्याच्या मंडळींपैकी कुणीही त्या दिवशी टेबल चालवायचं नाही. एक जण फिरता, एक फोनवर, एक विजेपाशी, एक प्रवेशद्वारावर. दोन तासांनी प्रत्येक टेबलावर पाणी आणि सुटका, म्हणजे दहा मिनिटं बसायला बदली माणूस. आभाळ आलं तर दुर्बिणींचं काय, हे सकाळीच ठरलेलं हवं. भाषणं असलीच तर दहा मिनिटांत, आणि टेबलं सुरू झाल्यावर. पाहुण्यांनाही पट्टी धरायला लावा, त्यांनाही मजा येते.

प्रवेशद्वारावर शहराचा मोठा नकाशा लावा आणि येणाऱ्या प्रत्येकाला आपल्या घराच्या जागी एक रंगीत टिकली चिकटवायला सांगा. आधी कधी अशा कार्यक्रमाला आला नसाल तर लाल, आला असाल तर निळी. रंग ओळखू न येणाऱ्यांसाठी लाल टिकली चौकोनी घ्या. एवढ्याने सगळा हिशेब भिंतीवर येतो. संध्याकाळी नकाशासमोर उभं राहिलं की भिंतीवरच्या पहिल्या वाक्याचं काय झालं ते कळतं. पहिल्या वर्षी आमच्या नकाशावर निळ्याचा एक घट्ट पुंजका होता आणि नदीपलीकडचा अख्खा भाग कोरा. त्या भागात आम्ही तीन हजार पत्रकं वाटली होती.

नकाशाबरोबर थोड्या मुलाखती घ्या, बाहेर पडणाऱ्या दर विसाव्या माणसाची. कुठे जास्त वेळ थांबलात? काय कळलं नाही? घरी गेल्यावर कुणाला काय सांगाल? तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं शब्दशः लिहून घ्या.

खोकी

त्याच रात्री, सगळे दमलेले असताना, अर्धा तास काढा. प्रत्येक टेबलाचं सामान त्याच्या खोक्यात, वर टेबलाचा कागद, आणि त्या कागदाच्या मागे तीन ओळी: काय संपलं, काय मोडलं, काय उगीच आणलं. सकाळी हे कुणालाच आठवत नाही. प्रश्नांच्या वह्या वेगळ्या पिशवीत, त्या जिच्या ताब्यात जातील तिचं नाव पिशवीवर. पंधरवड्यात त्यातल्या प्रश्नांची उत्तरं मिळवून ज्या ज्या वस्तीत कार्यक्रम झाला तिथल्या वाचनालयात किंवा मंडळाच्या फळ्यावर लावा. उसनी टेबलं सोमवारी दुपारच्या आत परत करा, पुढच्या वर्षी त्यांच्याचकडे जायचं आहे. सूर्याच्या गोळ्यातली हवा काढताना झडपेचं बूच त्यालाच दोऱ्याने बांधून ठेवा. आमचं हरवलं होतं, आणि नवं मिळेपर्यंत सूर्य दोन महिने पलंगाखाली घडी होऊन पडला होता.